लाल म्हणजे चालू

२ एप्रिल २००८, बुधवार

आजपासून रोज लिहायचं. ही डायरी आमच्या मुलाला, विक्रांतला कंपनीतून मिळाली आणि तीन महिने टीव्हीखाली पडून होती. आजकालच्या पोरांना कागदाची किंमत नाही. लिहिणार फक्त माझ्यासाठी. तसंही घरात माझं कोण ऐकतं?

आज घडलं ते असं. आमची सून यशोधरा उल्हासनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तिथल्या सरांनी प्रोजेक्ट दिला म्हणून हिने आमच्या बिल्डिंगच्या पाण्याचं एक पान नेटवर बनवलं. खाली सोसायटीच्या ऑफिसात कुंदा असते. तिच्या खिडकीबाहेरच खालची टाकी. टाकीत पाणी पडायला लागलं की कुंदा कॉम्प्युटरवर 'आलं' दाबते, थांबलं की 'गेलं'. त्याबरोबर पानावरचा चौकोनी डबा रंग बदलतो. लोक मुंबईत ऑफिसात बसून तो डबा बघणार आणि घरी फोन करणार, पिंप भरून घे.

संध्याकाळी कमिटीला दाखवलं. टाळ्या. चेअरमन हिंदुराव माझ्याकडे वळून म्हणाले, तात्या, आता तुम्हाला आराम!

आराम! पंपरूमची किल्ली अकरा वर्षं माझ्या गळ्यात आहे. पाणी आलं की मोटार लावायची, वरची टाकी भरायची, बंद करायची. एक दिवस चुकलेलो नाही. म्हणजे यांना किल्ली हवी आहे. सरळ आहे. भाकरी अर्धीच गेली.

३ एप्रिल

पान नीट पाहिलं. आनंद आहे. पाणी आलं की डबा हिरवा, गेलं की लाल.

उलटं!

मोरिवलीच्या कंपनीत मी एकतीस वर्षं पॅनलवर काढली. लाल दिवा म्हणजे चालू. करंट आहे, हात लावू नको. हिरवा म्हणजे बंद, खुशाल खोल. कुठलाही पॅनल बघा. माझ्या पंपाच्या स्टार्टरवरही तेच आहे. मोटार चालू, लाल. मोटार बंद, हिरवा. आणि ही पोरगी, बी.ए. झालेली, एकतीस वर्षांचं शास्त्र एका दुपारी पालथं करते.

सांगितलं तिला. हसून म्हणाली, बाबा, लोकांना हिरवं म्हणजे चांगलं वाटतं. लोकांना! लोकांना फ्यूज कुठे असतो ते माहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

निश्चय. जावास्क्रिप्ट शिकायची. आठ दिवस पुरेत. मी सातवी पास आहे, पण वायरमनचं लायसन्स पहिल्या फटक्यात काढलं होतं. या ग्रॅज्युएटांनी काढून दाखवावं.

६ एप्रिल

तिची क्लासची वही वाचली. अक्षर बरं आहे. मजकूर मामुली. 'इफ' म्हणजे जर, 'एल्स' म्हणजे नाहीतर. जर पाणी असेल तर डब्याला हे लावा, नाहीतर ते लावा. अरे, हा तर काँटॅक्टर आहे! कॉइलला करंट मिळाला तर हा पॉइंट जुळतो, नाही मिळाला तर तो. हे मी १९६८ साली पेचकसानं करत होतो. आता त्याचे क्लास निघालेत.

९ एप्रिल, बुधवार

एकच गोष्ट अडली म्हणून यशोधराला विचारलं. विचारलं म्हणजे परीक्षा घेतली. ती म्हणाली, डब्याचे कपडे वेगळ्या फाइलीत असतात. एका ड्रेसचं नाव 'हिरवा', दुसऱ्याचं 'लाल'. स्क्रिप्ट रंगवत नाही, फक्त ठरवते की आता डब्यानं कुठला ड्रेस घालायचा. शिकवताना फार सावकाश बोलते. मी बहिरा नाही.

विचारलं, हिरव्या ड्रेसला लाल कापड वापरलं तर? म्हणाली, चालेल की, कॉम्प्युटरला काय कळतंय, तो नाव बघतो. आमची बायको गंगू स्वयंपाकघरातून म्हणाली, तुम्ही आधी स्वतःचा सदरा सुलटा घाला.

उलटाच होता. त्याचा इथे संबंध नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस कामाचा. पंपरूमपासून आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत वायर ओढली आणि इथेच स्टार्टर बसवला. आता स्क्रीनवर पाणी आलेलं दिसलं की बसल्या जागी बटण. गुडघ्यांना आराम. आराम शब्द वापरायचाच तर असा वापरावा, हिंदुराव.

मोटार तापली की लाइन तोडणारा ओव्हरलोड सारखा ट्रिप होत होता. तो काढून लाइन सरळ जोडली. नवशिक्यांना लागतो ओव्हरलोड. माझ्या हातून एकतीस वर्षांत एक मोटार जळलेली नाही. एक.

पहिल्या मजल्यावरच्या बनूबाई म्हणाल्या, वायर माझ्या दोरीवरच्या साड्यांना लागते. साड्या काढा म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आज कोणावर चिडायचं नाही असं पहाटेच ठरवलं. विहारात वंदना होईपर्यंत जमलं. मग रोषणाईवाल्याची माळ पाहिली. अर्धी पेटलेली, अर्धी बंद, आणि तो खाली उभा राहून शेंगदाणे खातोय. वर चढून दुरुस्त केली. खाली उतरताना पाय थरथरत होते. कोणी पाहिलं नसावं.

१६ एप्रिल, बुधवार. सकाळी ११

यशोधरा क्लासला. विक्रांत कंपनीत. गंगू निवडत बसलेली. कपड्यांची फाइल उघडली. दोन बोटांनी 'हिरवा' ड्रेसच्या आत लाल रंग लिहिला आणि 'लाल' ड्रेसच्या आत हिरवा. यशोधरा फाइल नेटवर चढवताना कुठला बाण दाबते ते मी चष्म्याआडून चार वेळा पाहून ठेवलं होतं. दाबला.

स्क्रिप्टला हात लावला नाही. तिने कितीही वाचली तरी सगळं बरोबरच दिसणार. हे डोकं सातवीत मिळत नाही, पॅनलवर मिळतं.

१७ एप्रिल

गोंधळ. पाणी सातला आलं, कुंदानं 'आलं' दाबलं, डबा लाल झाला. लोकांनी ऑफिसात पोचून तो लाल डबा पाहिला आणि घरी फोन केले की आज पाणी नाही, धुणं काढू नका. बी विंगमध्ये सहा घरांत पिंपं कोरडी. बनूबाई जिन्यात उभ्या राहून म्हणत होत्या, माझा मुलगा चर्चगेटहून सांगतो पाणी नाही, आणि माझ्या नळाला धो धो! खरं कुणाचं मानू, मुलाचं की नळाचं?

नळाचं माना की, बाई. अक्कल नको?

१८ एप्रिल, शुक्रवार

कमिटीची तातडीची सभा. सरळ सांगून टाकलं, मी केलं. शास्त्रही सांगितलं. हिंदुराव म्हणाले, तात्या, सिग्नलला लाल म्हणजे थांब. मी म्हणालो, सिग्नल गाड्यांसाठी असतो, पाण्याला काय लायसन्स लागतं? कोणी हसलं नाही. या लोकांना विनोदही कळत नाही.

हिंदुराव मग वार्षिक सभेचा विषय काढून बसले. अकरा मे. पाण्याची व्यवस्था कोणाकडे ठेवायची ते तिथे ठरवू, म्हणाले. म्हणजे किल्ली. तेवढ्यात यशोधरा उठून म्हणाली, बाबांचंही चूक नाही काका, पॅनलवर तसंच असतं. मी बघते काय करायचं ते.

किल्ली तीनदा चाचपली. आहे.

२० एप्रिल, रविवार

विजय! पाणी आलं, डबा लाल. गेलं, हिरवा. माझेच रंग. आणि बिल्डिंगमध्ये चकार शब्द नाही. ना बनूबाई, ना बी विंग. फोन बरोबर येतायत, पिंपं बरोबर भरतायत. माणसांना ठणकावून सांगितलं की कळतं. वळण लावणारा लागतो.

यशोधराला म्हटलं, बघ. ती म्हणाली, हो बाबा. हार मानताना माणसानं जास्त बोलू नये हे तिला कळतं, एवढा गुण आहे.

२२ एप्रिल

ऑफिसात जाऊन कुंदाला लाल आणि चालू यांचं नातं समजावलं. अर्धा तास. हो तात्या, हो तात्या, करत होती. एक पाहिलं, मी आत गेलो की ही स्क्रीन भिंतीकडे फिरवते. पत्ते खेळत असणार. कमिटीला सांगणार होतो, पण सध्या माझं चांगलं चाललंय. जाऊ दे.

२४ एप्रिल, गुरुवार

हिंदुराव घरी आले. चहा घेतला. चार मे, रविवार, त्यांच्या पद्मजाचा साखरपुडा, आपल्याच गच्चीवर. ऐंशी माणूस. मुलाकडचे डोंबिवलीचे, फार चोखंदळ. दहापर्यंत वरची टाकी काठोकाठ हवी. म्हणाले, तात्या, तेवढं तुमच्यावर सोडतो. ते नीट झालं की सभेत तो किल्लीचा विषय मी घेणारच नाही.

बघा. शेवटी यावं लागलं. जावास्क्रिप्टवाल्यांकडे नाही गेले.

गेल्यावर गंगू म्हणाली, त्या दिवशी खाली उतरून टाकीत डोकावून मोटार लावा. मी म्हटलं, मग स्क्रीन कशाला आहे? म्हणाली, तेच विचारतेय.

२८ एप्रिल, सोमवार

तयारी. स्टार्टरचे पॉइंट घासले. चाचणी घेतली, बटण दाबताच मोटार चालू, लाल दिवा, अकरा मिनिटांत वरच्या टाकीत घोट्याएवढं पाणी. विक्रांत म्हणाला, बाबा, कुंदाताईंना आधी एक फोन मारत जा ना, आणि तो ओव्हरलोड परत लावा. माझ्याच जिवावर वाढलेलं पोर मला वायरिंग शिकवतं. अंबरनाथला मशिनीपुढे उभा असतो, मशीन बिघडली की दुसऱ्याला हाक मारतो.

ओव्हरलोड उद्या लावीन. घाई नाही.

१ मे

सुट्टी. लावला नाही.

३ मे, शनिवार

उद्याचा दिवस. कॉम्प्युटर फार सावकाश चालतोय. पान उघडायला मिनिट लागलं. उद्या सकाळी अडकला तर? व्हायरस असणार. पेपरात आलं होतं, नेटचा कचरा साठतो, तो अधूनमधून पुसावा. पुसायची जागा शोधली. तिथे बरेच चौकोन होते, हे पुसू का, ते पुसू का. भित्रे लोक एकेक विचारत बसतात. मी सगळ्यांवर खूण केली आणि पुसून टाकलं. काच कशी लख्ख! पान चटकन उघडलं. डबा लाल होता, म्हणजे पाणी चालू असणार. दिवाणावर आडवा झालो.

यशोधरा आल्यावर सांगितलं नाही. श्रेय घ्यायची सवय नाही मला.

४ मे, रविवार. सकाळी ६.१०

आंघोळ झाली. पांढरा सदरा, सुलटा. पान उघडलं. डबा लाल! पाणी सातला येतं, आज सहालाच. निसर्गालाही कळतं माणूस कोण आहे.

६.१५

बटण दाबलं. गॅलरीत लाल दिवा, स्क्रीनवर लाल डबा. लालाला लाल. समाधान.

६.३५

गंगूला म्हटलं, चहा टाक, दोन कप, दोन्ही माझे. वर गच्चीवर मंडपवाला ठोकतोय. वाकडं ठोकत असणार.

६.५०

खालून करपल्याचा वास. आचाऱ्यानं दूध लावलं. ऐंशी माणसांचं दूध लावलं! हिंदुरावांनी माणूस पारखूनच घेतला नाही. खाली डोकावून ओरडलो, अरे गॅस कमी कर! आचारी कांदा कापत होता. वर बघून म्हणाला, आजोबा, गॅस अजून पेटवलाच नाही.

खोटारडा.

७.०२

लाल दिवा गेला. टाकी भरली असेल.

७.०५

कुंदाचा फोन. तात्या, मी आत्ताच आले, पाणीही आत्ताच आलंय, मोटार लावा लवकर. मी म्हणालो, बाई, मोटार सव्वासहापासून चालू आहे. मग म्हणाली, तात्या, खालची टाकी तर रात्रीपासून कोरडीठाक होती.

स्क्रीनकडे पाहिलं. डबा माझ्या डोळ्यांदेखत हिरवा झाला.

संध्याकाळी

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

मोटार जळली. पंपरूम उघडली तर धूर. वास दुधाचा नव्हता. खालच्या टाकीत पाणी पडतंय आणि वर चढवायला काही नाही. मग जिन्यात रांग लागली. तळापासून गच्चीपर्यंत, हातातून हातात बादल्या. कुंदा, विक्रांत, यशोधरा, बी विंगचे सगळे. मुलाकडचे डोंबिवलीचे आले तेव्हा हिंदुराव नव्या सफारीत दुसऱ्या मजल्यावर बादली घेऊन उभे. नवरा मुलगा न सांगता त्यांच्या शेजारी उभा राहिला. बनूबाई म्हणाल्या, पोरगा चांगला आहे हो, पद्मजा सुखात राहील.

मी आमच्या मजल्यावर उभा होतो, दोन्ही हात पुढे करून. बादली माझ्या खालच्या माणसाकडून माझ्या वरच्या माणसाकडे जायची. मला म्हणायचे, तात्या, तुम्ही बसा.

५ मे

यशोधराला जाब विचारला. डबा लाल होता. लाल म्हणजे चालू. मग पाणी का नव्हतं?

तिने खुर्ची ओढून घेतली. मग सांगितलं. अठरा तारखेच्या सभेनंतर तिने रंग पहिल्यासारखे करून टाकले होते. सगळ्या बिल्डिंगला हिरवंच दिसत होतं, पाणी आलं की. फक्त एक अट आणखी घातली. जर हा आमच्या घरचा कॉम्प्युटर असेल, तर डब्याला बाबांचे रंग. नाहीतर सगळ्यांचे. हा आमचा कॉम्प्युटर हे पानाला कळावं म्हणून आत एक छोटी चिठ्ठी ठेवली होती. शनिवारी जो कचरा मी पुसला, त्यात ती चिठ्ठीही गेली, आणि आमच्या डब्यालाही सगळ्यांचे रंग आले.

सगळ्यांना ठाऊक होतं. हिंदुरावांना. कुंदाला. म्हणून ती स्क्रीन फिरवायची. बनूबाईंनासुद्धा!

पंधरा दिवस मला खोटा दिवा दाखवला. आमच्या कंपनीत पॅनलवर खोटा दिवा लावणाऱ्याला सस्पेंड करायचे. हे तिला सांगितलं, मोठ्यानं. ती म्हणाली, चुकलं बाबा, तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही इतके खूश होता.

मग म्हटलं, दाखव ती अट कुठे आहे. दाखवली. स्क्रिप्ट तशी नीटनेटकी आहे. त्या ओळींच्या वर तिने मराठीत लिहून ठेवलंय, बाबांसाठी. हे कशाला म्हटलं. म्हणाली, त्या ओळी का आहेत हे पुढे कुणालाही कळावं म्हणून लिहायचं असतं, क्लासमध्ये तसं शिकवतात.

फालतू शिकवतात. डोळ्यांत काही गेलं होतं, धुऊन आलो.

६ मे, मंगळवार

मोटार रिक्षात घालून उल्हासनगरला नेली. मीच गेलो, दुसऱ्याला काय कळतंय. रिवाइंडिंगवाला टेकचंद ओळखीचा, वीस वर्षांचा. झाकण उघडून वाइंडिंगचा वास घेतला आणि म्हणाला, दादा, सूखी चलाई किसने? नया लडका रखा है क्या?

मी म्हणालो, हां.

११ मे, रविवार

वार्षिक सभा. गंगू म्हणाली, किल्ली आपणच काढून द्या, मान राहील. मी किल्ली सदऱ्याच्या आत घातली आणि वरचं बटण लावलं.

विषय निघाला. मी घसा साफ केला. उत्तर तयार होतं, चार मुद्दे, ओव्हरलोडचा सोडून. हिंदुराव उठले आणि म्हणाले, किल्ली तात्यांकडेच राहील असं मी सुचवतो. बनूबाईंनी अनुमोदन दिलं. सर्वानुमते. टाळ्या!

शेवटी अनुभवाशिवाय चालत नाही हे कबूल करावं लागलं. चारही मुद्दे न वापरता जिंकलो. उद्यापासून कुंदाला पुन्हा शिकवायला घेतो. हिंदुरावांना माफ केलं. पुढचा संकल्प, सगळ्या बिल्डिंगचं वायरिंग तपासणे.

१३ मे, मंगळवार

मोटार आली. बरोबर टेकचंदचा माणूस ऑटोमॅटिक पॅनल घेऊन आला. कमिटीचा ठराव, म्हणाला. दोन्ही टाक्यांत वायरी सोडल्या. खाली पाणी असेल आणि वर नसेल तर मोटार आपोआप लागते. नाहीतर लागतच नाही. कोणी बटण दाबायचं नाही, बटणच नाही. गॅलरीतली माझी वायर त्यानं गुंडाळून बनूबाईंकडे दिली. त्यांनी साड्या वाळत घातल्या.

चालू असताना लाल दिवा लागतो मात्र. मी बघून आलो.

१४ मे, बुधवार

सकाळी पंपरूमच्या कुलपाला तेल घातलं. किल्ली मऊ फिरते. कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं असतं आता. पॅनल तापतो म्हणून दार उघडंच ठेवायला सांगितलंय.